रिपोर्ट निगेटिव्ह, तरी टीबीची औषधं का? मेंदूच्या टीबीच्या निदानाची अडीचशे वर्षांची गोष्ट



काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात एका रात्री मला फोन आला. फोन करणारे घाटघरचे. आपल्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनच्या पायथ्याला असलेलं हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या भाचीला मी चार दिवसांपूर्वी पुण्याला पाठवलं होतं. पंधरा दिवस डोकं दुखत होतं, संध्याकाळी ताप येत होता, उलट्या होत होत्या आणि शेवटच्या दोन दिवसांत ती घरच्यांना ओळखेनाशी झाली होती. ऐन आवणीच्या दिवसांत ती आजारी पडली, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की पावसात भिजल्याचा ताप आहे.

मामा म्हणाले, "डॉक्टर, पाठीतलं पाणी काढून ती नवी मशीनची टेस्ट केली. रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. टीबी नाही असं कागदावर लिहिलंय. तरी हे लोक टीबीच्याच गोळ्या देतायत. पेशंट घरी घेऊन येऊ का?"

मी त्यांना सांगितलं, "मामा, अजिबात आणू नका. गोळ्या चालू राहू द्या. का ते तुम्ही आल्यावर सविस्तर सांगतो."

आजचा लेख म्हणजे ते सविस्तर उत्तर आहे. हा प्रश्न फक्त मामांचा नाही. "एवढी महागडी, आधुनिक टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली, मग औषध कशाला?" असं सुशिक्षित माणसंही विचारतात. याचं उत्तर समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मेंदूचा टीबी म्हणजे नेमकं काय?

आपला मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणं असतात आणि त्या आवरणांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव फिरत असतो. मोठ्या माणसात हा द्रव साधारण १५० मिलिलिटर असतो. या आवरणांना जंतुसंसर्ग झाला की त्याला आपण मेंदूज्वर म्हणतो. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस अशा जिवाणूंचा मेंदूज्वर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत माणसाला आडवा करतो. टीबीच्या जंतूंचा मेंदूज्वर मात्र दबक्या पावलांनी येतो. आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवडे नुसती डोकेदुखी, बारीक ताप, चिडचिड, भूक नाही. एवढ्यावर कोण घाबरणार? आणि मग अचानक उलट्या, तिरळेपणा, झटके, बेशुद्धी.

हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला तो एडिंबराच्या रॉबर्ट व्हिट या डॉक्टरने. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १७६८ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे वीस मुलांचं निरीक्षण करून त्यांनी आजाराचे तीन टप्पे सांगितले: आधी नाडी जलद, मग मंद, मग पुन्हा जलद आणि शेवट. त्यांनी आजाराला मेंदूतलं पाणी म्हटलं, कारण मृत मुलांच्या मेंदूत पाणी साचलेलं दिसत होतं. टीबीचा जंतू तेव्हा कोणालाच माहीत नव्हता. पण आजार टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो, ही त्यांची गोष्ट आजही तंतोतंत खरी आहे. रुग्ण कोणत्या टप्प्यावर औषधापर्यंत पोहोचतो, यावरच तो वाचणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं.

जंतू सापडला, पण दिसेना

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८९१ मध्ये जर्मनीतल्याच कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून ते पाणी सुरक्षितपणे काढण्याची पद्धत सांगितली. म्हणजे जंतू माहीत झाला आणि तो जिथे असतो तिथपर्यंत सुईही पोहोचली. आता निदान सोपं व्हायला हवं होतं, नाही का?

तसं झालं नाही. फुफ्फुसाच्या टीबीत थुंकीत जंतूंची रेलचेल असते. पाठीतल्या पाण्यात मात्र ते इतके कमी असतात की रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तासभर शोधूनही बहुतेक वेळा एकही दिसत नाही.

असं का, याचं उत्तर १९३३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या आर्नोल्ड रिच आणि हॉवर्ड मॅकॉर्डॉक यांनी दिलं. रक्तातून आलेले टीबीचे जंतू आधी मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक बारीकशी गाठ करून बसतात. ती गाठ काही महिन्यांनी, कधी वर्षांनी फुटते आणि आतला माल पाण्यात सांडतो. त्या थोड्याशा जंतूंविरुद्ध शरीर जोरदार प्रतिकार करतं. मेंदूच्या तळाशी चिकट, घट्ट थर जमतो. त्या थरात रक्तवाहिन्या आणि डोळ्यांच्या, कानांच्या नसा अडकतात. पाण्याची वाट बंद होते. बरेचसे जंतू त्या चिकट थरातच राहतात, पाण्यात फारच थोडे येतात.

ही गोष्ट लक्षात ठेवा. लेखाचा सगळा मुद्दा हिच्यावरच उभा आहे.

आपल्या मुंबईतही यावर फार मोलाचं काम झालं आहे. जे. जे. रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतीतज्ज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी मेंदूच्या टीबीने आजारी पडलेल्या असंख्य मुलांचा अभ्यास केला. १९७० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की हा आजार केवळ आवरणाचा नाही. कधीकधी आवरण फारसं बिघडलेलं नसतानाही आतल्या मेंदूला सूज येऊन मूल बेशुद्ध होतं. म्हणजे पाण्याचा रिपोर्ट सौम्य आणि मूल अत्यवस्थ, असं होऊ शकतं.

औषध आलं, तरी वेळ गाठता येईना

१९४० च्या दशकापर्यंत मेंदूचा टीबी झालेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावायचा. १९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मेंदूच्या टीबीवर त्या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्यांदाच असे रुग्ण जिवंत घरी जाऊ लागले. त्याच अहवालातून आजाराचे तीन टप्पे पक्के झाले, जे आम्ही आजही वापरतो. पहिल्या टप्प्यात माणूस शुद्धीवर असतो. दुसऱ्यात गोंधळलेला असतो किंवा एखादी नस कमजोर झालेली असते. तिसऱ्यात बेशुद्ध असतो. पहिल्या टप्प्यात उपचार सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. तिसऱ्यात सुरू झाले तर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त रुग्ण हातून जातात आणि जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना कायमचं अपंगत्व येतं.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं, पुढे रिफाम्पिसिन आलं. औषधं उत्तम झाली. पण निदान मात्र कल्चरवर अडलेलं होतं. कल्चर म्हणजे रुग्णाचं पाणी अंड्यापासून बनवलेल्या खाद्यावर टाकायचं आणि जंतू वाढायची वाट पाहायची. टीबीचा जंतू फार सुस्त आहे. इतर अनेक जिवाणू वीस-तीस मिनिटांत एकाचे दोन होतात, याला अठरा ते चोवीस तास लागतात. त्यामुळे रिपोर्ट यायला सहा ते आठ आठवडे लागत.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी एमडी करत असताना आमच्या वॉर्डात एक सतरा वर्षांचा मुलगा आला. तोही घाटघरचाच. जुन्नरपर्यंत एसटीने आणि तिथून पुढे पुण्याला आणला होता. तीन आठवड्यांचा ताप आणि डोकेदुखी. मधल्या काळात एका ठिकाणी टायफॉइडचे उपचार झाले होते, एका ठिकाणी सलाइन लावलं होतं. आम्ही पाणी काढलं. पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, साखर कमी. टीबीसारखंच चित्र होतं. पण अर्धवट उपचार झालेला साधा मेंदूज्वरही असा दिसू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत. "पुरावा नाही, थोडं थांबू" असं मला वाटलं आणि मी माझ्या वरिष्ठांना तसं सांगितलं. टीबीची औषधं सुरू करायला पाच दिवस गेले. दाखल झाल्यापासून नवव्या दिवशी तो गेला.

सहाव्या आठवड्यात कल्चरचा रिपोर्ट आला. टीबीचे जंतू वाढले होते. तो कागद त्याच्या बंद झालेल्या फाइलला मीच लावला.

पाच दिवस आधी औषध मिळालं असतं तर तो नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. तो उशिरा आला होता. पण तेव्हापासून मेंदूच्या टीबीत "पुरावा येईपर्यंत थांबू" हे वाक्य मी कधी उच्चारलं नाही.

एकाचे दोन, दोनाचे चार

कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द घराघरांत पोहोचला. मेंदूच्या टीबीची नवी टेस्टही याच तत्त्वावर चालते. तिला रेणवीय चाचणी म्हणतात, म्हणजे जंतू स्वतः न शोधता त्याच्या जनुकाचा, डीएनएचा तुकडा शोधणारी चाचणी.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक जंतूच्या डीएनएत काही मजकूर फक्त त्याचाच असतो. एखाद्या जाडजूड पोथीतली अशी एक ओळ घ्या जी दुसऱ्या कोणत्याच पोथीत नाही. ती ओळ सापडली म्हणजे पोथी सापडली. पण डीएनएची एक ओळ कोणत्याही यंत्राला दिसत नाही. मग तिच्या प्रती काढायच्या. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असं तीस वेळा दुप्पट केलं की एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. एवढ्या प्रती यंत्राला सहज दिसतात. हे सगळं एक-दोन तासांत.

भारतात जन्मलेले नोबेल विजेते हरगोविंद खोराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्येच या कल्पनेच्या अगदी जवळ जाणारं वर्णन प्रसिद्ध झालं होतं. पण पीसीआर ही पद्धत म्हणून प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेच्या कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये, आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या पद्धतीत डीएनए पुन्हा पुन्हा जवळपास ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो आणि तेवढ्या उष्णतेत साधी विकरं नासतात. टिकणारं विकर मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूपासून. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये त्या जिवाणूचं वर्णन केलं, तेव्हा त्याचा टीबीच्या निदानाशी संबंध येईल असं कोणालाही वाटलं नसेल.

आपल्याकडे पीसीआर

मेंदूच्या टीबीसाठी पीसीआर वापरण्यात भारत मागे नव्हता. १९९१ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात पीसीआरने मेंदूच्या टीबीचं झटपट निदान करण्याबद्दल लेख लिहिला. या शतकाच्या सुरुवातीला नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये पाठीतल्या पाण्यातली टीबीच्या जंतूंची प्रथिनं शोधण्याचे प्रयोग झाले. २००५ मध्ये मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळमधल्या प्रयोगशाळेने भारतीय मुलांमधल्या मेंदूच्या टीबीसाठी स्वतः तयार केलेल्या पीसीआरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

स्वतःची चाचणी का बनवावी लागली? जगभर बहुतेक प्रयोगशाळा टीबीच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा शोधत. त्याच्या अनेक प्रती एकाच जंतूत असतात, म्हणून तो सापडायला सोपा. पण आपल्या देशातल्या काही टीबीच्या जंतूंत हा तुकडा एकदाच असतो किंवा अजिबातच नसतो. म्हणजे परदेशी कृतीप्रमाणे चाचणी केली तर असा जंतू समोर असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येणार. म्हणून परळच्या शास्त्रज्ञांनी वेगळा तुकडा निवडला.

पण अशा घरगुती पीसीआरची दुसरी अडचण मोठी होती. प्रत्येक प्रयोगशाळेची कृती वेगळी. एका खोलीत रोज कोट्यवधी प्रती तयार होतात. त्यातल्या काही हवेत, टेबलावर, हातमोज्यांवर राहिल्या तर पुढच्या रुग्णाचा रिपोर्ट खोटाच पॉझिटिव्ह येतो. माझ्या तरुणपणी एकाच रुग्णाचे दोन ठिकाणचे पीसीआर रिपोर्ट परस्परविरुद्ध आलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे बरीच वर्षं आम्ही डॉक्टर या टेस्टकडे थोडं साशंकतेनेच पाहत होतो.

सीबीनॅट: बंद डबीतली प्रयोगशाळा

हे चित्र बदललं डिसेंबर २०१० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने जीनएक्स्पर्ट या यंत्राला मान्यता दिली. सरकारी दवाखान्यांत आपण त्याला सीबीनॅट म्हणतो. नमुना एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये टाकायचा आणि डबी यंत्रात ठेवायची. जंतू फोडणं, डीएनए बाहेर काढणं, त्याच्या प्रती काढणं, सगळं त्या बंद डबीत होतं. बाहेर काही सांडत नाही, त्यामुळे खोट्या पॉझिटिव्हची भीती फारच कमी झाली. दोन तासांत उत्तर.

शिवाय हे यंत्र आणखी एक गोष्ट सांगतं. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल का, हेही त्याच रिपोर्टमध्ये कळतं. हे महाराष्ट्रात किती महत्त्वाचं आहे ते आठवून पाहा. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या चार रुग्णांबद्दल लिहिलं आणि देशभर खळबळ उडाली. ते रुग्ण फुफ्फुसाच्या टीबीचे होते. पण तसा जंतू मेंदूत पोहोचला आणि आपण नेहमीच्या गोळ्या देत राहिलो, तर कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण टिकत नाही.

२०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाठीतल्या पाण्यावरही पहिली चाचणी म्हणून जीनएक्स्पर्ट करावी अशी शिफारस केली. २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, अल्ट्रा, आली. जुन्या कार्ट्रिजला एका मिलिलिटरमध्ये शंभरावर जंतू असावे लागत. अल्ट्राला साधारण सोळा पुरतात.

आपल्या शेजारच्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे यंत्र तर बॅटरीवर चालतं आणि लहान आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. २०२० मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, मुख्यतः थुंकीच्या तपासणीसाठी. पाठीतलं पाणी मात्र सहसा मोठ्या रुग्णालयातच काढलं जातं आणि सीबीनॅटला पाठवलं जातं.

मग निगेटिव्ह म्हणजे नाही, असं का नाही?

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ.

टेस्ट कितीही हुशार असली तरी तिला दिलेल्या पाण्यात जंतू असायला हवा. तो मेंदूच्या तळाशी चिकट थरात अडकून बसला असेल आणि सुईतून आलेल्या दोन-तीन मिलिलिटर पाण्यात एकही नसेल, तर यंत्र "नाही" असंच सांगणार. ते खोटं बोलत नाही. "या नमुन्यात मला सापडला नाही" एवढंच ते म्हणतंय. आपण मात्र ते "रुग्णाला टीबी नाही" असं वाचतो.

आकडे सांगतो. कल्चरमध्ये जंतू वाढलेल्या रुग्णांपैकी जुन्या जीनएक्स्पर्टमध्ये साधारण ७० टक्के आणि अल्ट्रामध्ये साधारण ९० टक्के सापडतात. ऐकायला छान वाटतं. पण कल्चरही अनेकांना चुकवतं. व्हिएतनाममध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून ज्यांना मेंदूचा टीबी आहे किंवा असावा असं ठरलं होतं, त्यांच्यापैकी निम्म्याहून कमी रुग्णांत अल्ट्रा पॉझिटिव्ह आली. म्हणजे फक्त या टेस्टवर विसंबलो तर निम्मे रुग्ण औषधाविना राहतील.

म्हणूनच फुफ्फुसाबाहेरच्या टीबीसाठी २०१६ मध्ये आलेल्या आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: मेंदूच्या टीबीत ही टेस्ट इतर तपासण्यांच्या जोडीला वापरा, आणि ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं समजू नका. लक्षणं, पाण्यातल्या पेशी, साखर आणि प्रथिनं, एमआरआय, छातीचा एक्स-रे हे सगळं एकत्र पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र जवळपास पक्का मानावा. आणि औषधं सुरू झाल्यावर "आता बरं झालं का" हे पाहायला ही टेस्ट पुन्हा करायची नसते, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही काही काळ सापडू शकतो.

मोठ्या शहरांत मेंदूज्वरासाठी एक पॅनेल टेस्टही मिळते. तासाभरात चौदा जंतूंची तपासणी होते. ती उपयुक्त आहे, पण अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या या प्रसिद्ध पॅनेलच्या यादीत टीबीचा जंतू नाही. "सगळं तपासलं, काही नाही निघालं" असं कोणी म्हणालं तर टीबीची तपासणी वेगळी केली का, हे जरूर विचारा.

आणि याच्याही पुढची पायरी आली आहे. अमेरिकेत एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मेंदूला सूज आली होती आणि कारण सापडत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या पाठीतल्या पाण्यातला सगळाच डीएनए वाचून काढला आणि दोन दिवसांत लेप्टोस्पायरा हा जिवाणू सापडला. पेनिसिलिनने मुलगा बरा झाला. ही तपासणी अजून महाग आहे, पण उद्या ती आपल्याकडेही येईल. तेव्हाही नियम हाच राहील: नमुन्यात जे आहे तेवढंच टेस्ट सांगू शकते.

तुम्ही काय करायचं?

१. आठवड्याहून जास्त ताप आणि डोकेदुखी असेल, त्यात उलट्या, वागण्यात बदल, सुस्ती, डोळे तिरळे होणं किंवा झटके यांतलं काहीही जोडीला आलं, तर घरी थांबू नका. लहान मूल विनाकारण किरकिरं झालं, खाईना, खेळेना, तर घरात कोणाला टीबी आहे का हे डॉक्टरांना सांगा.

२. पाठीतलं पाणी काढायला नकार देऊ नका. "त्याने माणूस लुळा पडतो" ही भीती मी इतकी वर्षं ऐकतोय. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते. शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवीन पाणी तयार करतं, त्यामुळे काढलेलं पाणी काही तासांत भरून निघतं. मेंदूत दाब जास्त असल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करतात. लुळेपणा येतो तो आजाराने, आणि बहुतेक वेळा सुईला उशीर झाल्याने.

३. मोठ्या माणसात सहा ते दहा मिलिलिटर पाणी मिळालं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. "एवढं का काढताय?" म्हणून अडवू नका. गरज पडली तर पुन्हा काढावं लागतं.

४. डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली असतील तर निगेटिव्ह रिपोर्ट पाहून स्वतःहून बंद करू नका. उपचार साधारण वर्षभर चालतात. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे जोडीला स्टेरॉइड असतं. २००४ मध्ये व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं की त्याने मृत्यू कमी होतात. तेही अर्धवट सोडू नका.

५. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पोषणासाठी मिळणारी दरमहा रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली आहे. नाव नोंदवायला लाजू नका.

६. बाळाला जन्मतःच बीसीजी द्या. ही लस मोठेपणीचा फुफ्फुसाचा टीबी फारसा रोखत नाही, पण लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून चांगलं संरक्षण देते.

आणि ती भाची?

मामांनी पेशंट घरी आणला नाही. दुसऱ्या आठवड्यात ती माणसं ओळखू लागली, चौथ्या आठवड्यात आधाराने चालू लागली. सहाव्या आठवड्यात तिच्या कल्चरचा रिपोर्ट आला: टीबीचे जंतू वाढले होते, नेहमीच्या औषधांना दाद देणारे. मामांनी तो कागद माझ्याकडे आणला आणि म्हणाले, "मशीनला दिसलं नव्हतं ते हेच का?" मी म्हटलं, "हो, हेच."

वर्षभर तिने गोळ्या घेतल्या. एका कानाने तिला आता कमी ऐकू येतं आणि कधीकधी शब्द पटकन आठवत नाहीत. पण ती शेतात जाते, हिरड्याच्या दिवसांत हिरडा गोळा करते, मुलाला शाळेत सोडते.

त्या सतरा वर्षांच्या मुलाचा रिपोर्टही सहाव्याच आठवड्यात आला होता. दोन्ही वेळा कागदावर तेच लिहिलेलं होतं. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आम्ही कागदाची वाट पाहिली नाही.

टेस्टवर विश्वास ठेवा, पण ती काय सांगते आणि काय सांगू शकत नाही हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि घरात कोणाची डोकेदुखी दुसऱ्या आठवड्यात गेली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आजच डॉक्टरांकडे जा.

काळजी घ्या.

(या लेखातल्या रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लेख माहितीसाठी आहे. निदान आणि उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत.)